देवपुरातलं प्रमेय

नानांच्या घरात मला दिलेली खोली स्वयंपाकघराला लागून होती. त्यामुळे माझा दिवस दोन आवाजांनी सुरू व्हायचा. भिंतीपलीकडून अक्का ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापायच्या, तो आवाज जड आणि संथ. आणि ओसरीवरून काकूंचा टाइपरायटर, तो मात्र घाईतला, कारण काकूंना साडेदहाला कचेरीत पोचायचं असायचं. ओळ संपली की घंटी वाजायची, मग गाडा सरकवल्याचा खर्रकन आवाज, आणि पुन्हा टकटक. नाना म्हणजे धुळ्याच्या कॉलेजातले माझे गणिताचे सर, काकू त्यांच्या पत्नी, अक्का त्यांच्या आई. मूलबाळ नव्हतं. काकू एका सरकारी कचेरीत टंकलेखिका होत्या आणि घरी सकाळचा एक तास नवऱ्याचं गणित टाइप करायच्या. त्यातलं त्यांना काही समजत नसे. ग्रीक अक्षरं आणि चिन्हं त्यांच्या यंत्रात नव्हतीच. त्यांच्यासाठी त्या मोकळ्या जागा सोडत आणि संध्याकाळी मी बारीक टोकाच्या पेनाने त्या भरत असे. एका अक्षराच्या डोक्यावर दोन आणि पायाशी तीन चिमुकली अक्षरं बसवताना श्वास रोखून धरावा लागे. शाई पसरली की अख्खं पान वाया. काकू फक्त नवा कागद घ्यायच्या. आता हे सगळं संगणक करतो आणि पान कसं देखणं निघतं. पण एखादा लेख पडद्यावर वाचताना माझी नजर अजूनही त्या चिन्हांशी थबकते, कुणाच्या हाताने भरली असतील म्हणून.

मी जळगावची, मेहरूणची. आमचे आबा बस डेपोत मेकॅनिक होते. आमच्या गल्लीतून बी. एस्सी. झालेली मी पहिलीच मुलगी, आणि एम. एस्सी.ला धुळ्याला जायचं ठरलं तेव्हा आईने मला निरोप दिला तो सासरी निघाल्यासारखाच. धुळ्यात दूरच्या नात्यातल्या एका घरी माझी सोय झाली होती, पण त्या दोन खोल्यांत आधीच सातजण राहायचे आणि मी अभ्यासाला जिन्यात बसत असे. नानांनी एकदा तास संपल्यावर विचारलं, "उज्ज्वला, तू गणितं कुठं बसून करतेस? कागदावर सिमेंट कसं येतं?" मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी काकू स्वतः रिक्षा घेऊन आल्या आणि माझी पत्र्याची पेटी उचलून त्यांनी मला देवपुरातल्या आपल्या घरी आणलं.

अक्कांनी मला पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "तुन्हं आडनाव काय शे, पोरी?" मी सांगितलं. बौद्ध घरातल्या मुलीला या प्रश्नाचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही. दुपारी माझा पाण्याचा पेला मला वेगळ्या फळीवर ठेवलेला दिसला, खिडकीशेजारी, एकटा. मी तो उचलला, पाणी प्यायले, विसळून तिथंच ठेवला. रात्रीच्या जेवणाआधी काकू स्वयंपाकघरात गेल्या आणि घरातले झाडून सगळे पेले त्यांनी त्या खिडकीच्या फळीवर नेऊन मांडले. अक्का बघत होत्या. काकू म्हणाल्या, "इथं वारं लागतं, लवकर वाळतात." पेले पुढेही त्याच फळीवर राहिले, आणि अक्कांनाही तिथूनच पेला घ्यावा लागे.

पहिली आखाजी आली ती मी त्या घरात सहा-सात महिने काढल्यावर. आमच्या खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा माहेरवाशिणींचा सण. अंगणात झोके, मांडे आणि आमरस. अक्कांच्या हातचे मांडे देवपुरात नावाजलेले. अंगणातल्या चुलीवर मातीचं मोठं खापर उपडं ठेवलेलं, घुमटासारखं. अक्का पुरणाचा उंडा हातावर घ्यायच्या आणि एका हातावरून दुसऱ्या हातावर असा झुलवायच्या की तो कोपरापर्यंत पसरत जाई, आणि मग तो ओढणीसारखा पातळ मांडा खापरावर अलगद टाकायच्या. एकही सुरकुती नाही. मी बघत उभी होते. नाना आतून वर्तमानपत्राचं पान घेऊन आले आणि दुसरं खापर, जे अजून चुलीवर चढलं नव्हतं, त्याच्यावर ते पान दाबून बसवायला लागले.

"बघ उज्ज्वला. बसतंय का?"

पान एका बाजूने दाबलं की दुसऱ्या बाजूला चुण्या पडत. नानांनी चुण्या दाबल्या, पान फाटलं.

"कागद ताणला जात नाही. त्याच्यावरच्या दोन ठिपक्यांतलं अंतर आहे तेवढंच राहतं. म्हणून तो खापराला कधीच चिकटून बसणार नाही, तू कितीही हुशार असलीस तरी. अक्काचा मांडा बसतो, कारण तो ताणला जातो, अंतरं बदलू देतो. आता मला सांग, त्या खापरावर एक मुंगी राहते. तिने खाली उतरून कधी पाहिलेलं नाही. आपलं जग सपाट आहे का वाकडं, हे तिला कळेल का?"

"नाही कळणार," मी म्हटलं.

"कळेल. तिथंच फिरून, तिथलीच अंतरं मोजून कळेल. बाहेर यायची गरज नाही. हीच सगळी गंमत आहे बघ."

"नाना!" अक्का ओरडल्या. "तुले काही अक्कल शे का? खापर शे ते, तुन्हा फळा नही!"

नाना कागदाचे तुकडे गोळा करत हसत होते. त्यांचं हसणं खांद्यांतून यायचं, तोंडातून आवाज निघत नसे. त्या दिवशी अक्कांनी मला हाक मारली, "आठे ये. हात पुढे कर. भिवू नको," आणि शेवटचा मांडा माझ्या हातांवर टाकला. तो मनगटाशी फाटला. पुरण माझ्या कोपरावरून ओघळलं. अक्कांनी ते बोटाने पुसून घेतलं आणि बोट स्वतःच्या तोंडात घातलं. त्यांना त्यात काही विशेष वाटलं असेल असं नाही. मला मात्र ते अजून दिसतं.

वक्र अवकाशाच्या भूमितीत मी पुढचं सगळं आयुष्य काढलं, पण तिच्यातलं मला सर्वांत आवडतं ते मी पांझरेच्या पुलावर शिकले. संध्याकाळी नाना फिरायला निघायचे आणि मी बरोबर. नदीत पाणी बहुधा नसायचंच. वाळू, कपडे वाळत घातलेले, पलीकडे गाढवं. नाना चालत चालत बोलायचे, आणि मुद्दा महत्त्वाचा आला की थांबायचे, मागून येणारे सायकलवाले घंट्या वाजवायचे. एका संध्याकाळी ते म्हणाले, "एखादा पृष्ठभाग घे. त्याला त्याच्यावरच सरकवायचं, पण कुठलंही अंतर बदलता कामा नये. अशा किती तऱ्हा आहेत? चेंडू असेल तर तीन. कुठल्याही दिशेला सरकव आणि वर जागच्या जागी फिरव, कुणाला पत्ता लागणार नाही. अंडं असेल तर एकच, फक्त उभ्या आसाभोवती. नदीतला हा दगड घेतलास तर एकही नाही. आता मला सांग, दोन तऱ्हा असलेला पृष्ठभाग कसा असेल?"

मी आठवडाभर शोधत होते. जेवताना शोधत होते, चिन्हं भरताना शोधत होते. शेवटी मी वैतागून म्हटलं, "नाना, नाहीच सापडत."

"नाहीच आहे तो," ते म्हणाले, आणि पुलावर थांबले. "लहानसा तुकडा घेऊन बघ. दोन वेगळ्या दिशांनी सरकवता आलं तर इथला ठिपका आसपासच्या कुठल्याही ठिपक्यावर नेता येईल. म्हणजे प्रत्येक जागा दुसरीसारखीच. म्हणजे वाकडेपणा सगळीकडे सारखा. आणि वाकडेपणा सगळीकडे सारखा असला, की जागच्या जागी फिरवणं फुकट मिळतं. दोन असल्या की तिसरी येतेच. तीन, एक, शून्य. दोनाची पायरीच नाही या जिन्याला."

मला तेव्हा काय झालं ते नीट सांगता येत नाही. पुलावर ट्रकची धूळ उडत होती, माझ्या चपलेचा अंगठा तुटलेला होता, आणि मला वाटलं की हे खरं आहे, मी जन्माला यायच्या आधीही खरं होतं आणि मेहरूणमध्येही खरं आहे. मी नानांना म्हटलं, "परत सांगा." त्यांनी परत सांगितलं.

त्यांचं स्वतःचं काम याच जिन्यावरचं होतं, पण वरच्या मितींतलं, जिथं डोळ्यांना काही दिसत नाही आणि फक्त हिशोबाच्या काठीने चाचपडत जावं लागतं. तिथंही पूर्ण सममितीच्या खाली एकदम खोल दरी असते, मधल्या पायऱ्या नसतात, एवढं जगाला माहीत होतं. नानांचं म्हणणं असं, की त्या दरीच्या खाली थोड्या पायऱ्या उतरलं की आणखी एक दरी आहे. तिचा काठ कुठं आहे आणि तळ कुठं, हे त्यांनी कितीतरी वर्षं खपून सिद्ध केलं होतं. धुळ्यात त्याबद्दल बोलायला त्यांना कुणी नव्हतं. कॉलेजातले सहकारी चांगले होते, पण ते शिकवण्या घेत आणि नानांच्या विषयाला हसून "नानांचं आकाश" म्हणत. कॉलेजच्या ग्रंथालयात गणिताची एकच परदेशी पत्रिका यायची आणि तीही मध्येच बंद झाली. मी त्या घरात आले तेव्हा सिद्धता पुरी होत आली होती, आणि मला वाटतं, मला तिथं आणण्यामागे काकूंचा तोही एक विचार असावा, की यांच्याशी बोलायला घरात एक माणूस होईल. मी फारसं बोलू शकत नव्हते. पण विचारू शकत होते, आणि माझ्या प्रश्नांना उत्तरं देताना नाना दोनदा स्वतःच्याच चुकीला अडखळले आणि ती दुरुस्त करून बसले. दुसऱ्या वेळी त्यांनी काकूंना बाहेरून जिलेबी आणायला लावली होती.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात लेख टाइप होऊन तयार झाला. फक्त शेवटचे संदर्भ तपासायचे राहिले होते, आणि ते ग्रंथ धुळ्यात मिळणारे नव्हते. नानांच्या परीक्षेच्या पाळ्या लागल्या होत्या, म्हणून त्यांनी मला पुण्याला पाठवलं. मोठ्या ग्रंथालयासाठी त्यांनी ओळखीची चिठ्ठी दिली, कुठली पानं बघायची ते तोंडी समजावलं, आणि काकूंनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. आज हे काम माझा नातू मोबाइलवर चहा निवेपर्यंत करेल. मला तेव्हा एक रात्र आणि अर्धा दिवस नुसतं पोचायलाच लागलं.

ग्रंथालयात मी इतकी पुस्तकं एकत्र कधी पाहिली नव्हती. भिंतींवर पंखे संथ फिरत होते आणि कुणी बोलत नव्हतं. मी पहिले दोन संदर्भ तपासले, बरोबर होते. तिसऱ्यासाठी एका जपानी पत्रिकेचा जाड बांधीव खंड काढला. हवं होतं ते पान सापडलं, आणि खंड मिटता मिटता मी अनुक्रमणिका उगीच चाळली. एका लेखाचं शीर्षक नानांच्या लेखासारखं वाटलं. मी तो उघडला. इंग्रजी सोपं होतं, चिन्हं वेगळी होती. नाना जिथं एक अक्षर वापरायचे तिथं त्या लेखकाने दुसरं वापरलं होतं, त्यामुळे मला वाटलं, प्रश्न दुसरा असेल. मग मी प्रमेयाचं विधान पुन्हा वाचलं. दुसरी दरी. तोच काठ, तोच तळ. लेख छापून बरीच वर्षं झाली होती; नानांनी काम सुरू केलं त्याच्या आधीचा होता तो. सिद्धता नानांच्या मानाने अर्ध्याहून कमी होती. मी ती ओळीओळीने वाचली, कारण मला चूक सापडायला हवी होती. चूक नव्हती. सुंदर होती ती. तिसऱ्या पानावर त्या लेखकाने एक अशी युक्ती केली होती की नानांची मधली सगळी चढण तिथं टळली होती, आणि ती युक्ती समजली त्या क्षणी मला आनंद झाला. मग लगेच रडू आलं. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. मी त्या पानांची झेरॉक्स काढून घेतली.

परतीच्या वाटेवर चाळीसगावला धुळ्याची पॅसेंजर लागायला वेळ होता. फलाटावर उन्हाचा ताव, नळाला गरम पाणी. मी दशमी उघडली आणि परत बांधली. मनात येत होतं, लेख तसाच पाठवू द्यावा. ते लोक वाचतील आणि कळवतील, मला सांगावं लागणार नाही. पण मग कुणीतरी परका दोन ओळींचं पत्र पाठवेल आणि नाना ते ओसरीवर एकटे उघडतील. गाडी लागली आणि मी बसले. घरी पोचले तो आखाजीचा दिवस होता, हे मला अंगणातला धूर दिसेपर्यंत आठवलंसुद्धा नव्हतं.

नाना अंगणात निंबाखाली बाजेवर बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "मिळालं का सगळं?"

"मिळालं," मी म्हटलं. "नाना, आणखी एक मिळालं." आणि मी ते कागद त्यांच्या हातात दिले. मी बाजेच्या पायाशी जमिनीवर बसले.

त्यांनी पहिलं पान वाचलं. चष्मा काढला, धोतराच्या टोकाला पुसला, परत घातला आणि पहिलं पान पुन्हा वाचलं. मग ते वाचतच राहिले. काकू पीठ लागलेल्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात आल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी नकारार्थी मान हलवली, आणि त्यांना समजलं. शेजारच्या अंगणात झोक्यावर बायका गाणी म्हणत होत्या. अक्का चुलीपाशी होत्या, त्यांच्या हातांवर मांडा झुलत होता.

काकूंनी शेवटी विचारलं, "त्या कागदांत काही चुकलंय का?"

"नाही गं," नाना म्हणाले. "चुकलं नाही. माझ्यापेक्षा नीटस आहे." मग त्यांनी तिसऱ्या पानावर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "हे बघितलंस तू?"

"बघितलं."

"काय केलंय बघ त्याने. मी डोंगर चढून गेलो, हा बोगद्यातून गेला."

त्यांचा आवाज सरळ होता, पण बोट त्यांनी कागदावरून उचललं नाही. अक्कांनी मांडा खापरावर टाकला आणि आमच्याकडे वळून बघितलं. आम्हा तिघांचे चेहरे पाहून त्यांचे हात थांबले.

"कोन मरनं, नाना?"

"कोनी मरनं नही व अक्का," नाना म्हणाले. आईशी ते नेहमी तिच्याच बोलीत बोलत. "मन्हं गनित खरं निंघनं."

"मंग असं तोंड करीसन काबर बठना? उठ. जेवी ले. मांडा थंडा व्हयी जाई."

नाना उठले. हातपाय धुतले आणि पंगतीला बसले. त्यांनी आमरसात बुडवून मांडा खाल्ला, आणखी एक मागून घेतला, अक्कांना "झकास जमना" म्हणाले. काकूंनी पदराने डोळे पुसले आणि धूर फार झाला म्हणाल्या. मी खाऊ शकले नाही. अक्कांनी माझ्या पानातला मांडा उचलून बाजूला झाकून ठेवला, मागाहून खाशील म्हणून.

टाइप केलेला लेख काकूंनी कापडात गुंडाळून कपाटात ठेवला. टाइपरायटरवर त्याचं झाकण चढलं. सकाळी आता फक्त भाकरीचा आवाज यायचा आणि तो मला सहन होत नसे. नाना कॉलेजला जात होते, शिकवत होते, पहिल्यापेक्षा जास्तच मन लावून. संध्याकाळी फिरायला मात्र ते एकटेच जाऊ लागले. माझी शेवटची परीक्षा झाली, निकाल लागला, आणि मी पेटी घेऊन मेहरूणला परतले. आबांनी एका शाळेत माझ्या नोकरीचं जवळजवळ ठरवून ठेवलं होतं. मद्रासच्या एका संशोधन संस्थेचं बोलावणं आलं होतं, त्याबद्दल मी घरी एकदाच बोलले आणि आईचा चेहरा पाहून गप्प बसले. मद्रास त्या वेळी आम्हाला परदेशासारखंच होतं.

एका रविवारी नाना आमच्या दारात उभे. कळवलं नव्हतं. पांढरा सदरा घामाने पाठीला चिकटलेला, हातात केळ्यांची फणी. बसमध्ये असोद्याच्या एका बाईने घ्यायला लावली म्हणाले. आबांना काय करावं सुचेना. त्यांनी खुर्ची पुसली, पंखा लावला, आईने चहा टाकला. नानांनी चहा घेतला आणि मग म्हणाले, "आबा, मी हिला मागायला आलोय. मद्रासला पाठवायला."

आबा हाताच्या तळव्याकडे बघत राहिले. तळव्यांतलं काळं ऑइल त्यांचं कधीच पुरतं निघत नसे. "सर, मला तुमचं गणित समजत नाही. शाळेची नोकरी समजते. पोरगी डोळ्यांसमोर राहील, एवढं समजतं."

"तेही खरंच आहे," नाना म्हणाले. "पण मी तुम्हाला माझंच सांगतो. मी एका वाटेने कितीतरी वर्षं चाललो. त्या वाटेने आधी कुणी गेलंय का, हे विचारायला माझ्या आसपास माणूस नव्हता. धुळं वाईट नाही. माझं घर आहे ते. पण हिला तिथं जाऊ द्या जिथं चहाच्या टेबलावर चारजण असतील आणि एकजण तरी म्हणेल, पोरी, हे झालेलं आहे, तू पुढचं बघ. हिची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे, आबा. त्या जपान्याची युक्ती हिला माझ्याआधी कळली."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे बघत होते.

"तिकडे जेवायला काय देतात?" आबांनी विचारलं.

"भात देतात," नाना म्हणाले. "सकाळ-संध्याकाळ भातच."

"हिला भाकरी लागते," आबा म्हणाले, आणि उठून आत गेले. आई माझा हात धरून रडायला लागली, तेव्हा मला कळलं की मी जाणार आहे.

मी गेले. तिथून पुढं आणखी दूर गेले. नानांना मी पत्रं लिहायचे, नवं काय चाललंय ते सांगायचे, आणि सुरुवातीला ते दोन-दोन पानं प्रश्न पाठवायचे. मग प्रश्न कमी झाले आणि अक्कांची तब्येत, पांझरेला आलेला पूर, आंब्याचा मोहोर असं येऊ लागलं. अक्का गेल्या तेव्हा मी इथं नव्हते. नाना गेले तेव्हाही नव्हते. पुढे पुण्यात मी शिकवायला लागल्यावर वर्गात ते प्रमेय यायचं, दुसऱ्या दरीचं. मी दरवर्षी दोन्ही सिद्धता करायचे, आधी जपान्याची आणि मग नानांची. मुलं कुरकुरायची, मॅडम, लहान सिद्धता असताना ही लांब कशाला? मी म्हणायचे, डोंगरावरून जे दिसतं ते बोगद्यातून दिसत नाही. मुलं उतरवून घ्यायची आणि परीक्षेत लहानच लिहायची.

मागच्या हिवाळ्यात मी चाळीसगावला काकूंना भेटून आले. त्या भाचीकडे असतात. पंच्याऐंशीच्या पुढे गेल्या आहेत, डोळे अधू झालेत, पण बोटं अजून सरळ आहेत. देवपुरातलं घर केव्हाच विकलं, तिथं आता तीन मजली इमारत उभी आहे. आम्ही गच्चीत उन्हात बसलो होतो. काकू इकडचं तिकडचं बोलत होत्या आणि एकाएकी म्हणाल्या, "त्या आखाजीला, तू झोपायला गेल्यावर, ते मला एक बोलले होते. तुला कधी सांगितलं नाही."

"काय बोलले?"

"म्हणाले, इतकी वर्षं मला वाटायचं तिथं मी एकटाच हिंडतोय. तिथं आणखी कुणी होतं गं." काकूंनी मांडीवरची शाल सारखी केली. "मी भांडी विसळत होते, पाठमोरी. म्हणताना त्यांचा चेहरा कसा होता ते मला दिसलं नाही. वळून बघायला हवं होतं. अजून मला समजत नाही, ते बरं वाटून म्हणाले की वाईट वाटून. तू त्यातली आहेस. तू सांग."

मी म्हटलं, "काकू, मी तिथं पोचले तेव्हा तिथं गर्दी होती. मी कधी एकटी नव्हतेच."

त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेने मान वळवली. "मग तुलाही नाही सांगता यायचं," त्या म्हणाल्या, आणि माझा हात हातात घेऊन बसून राहिल्या.

स्टेशनवर आले तेव्हा धुळ्याची गाडी पलीकडच्या फलाटाला उभी होती. मला पुण्याला जायचं होतं, तिकीट हातात होतं. तरी मी पूल ओलांडून त्या फलाटावर गेले आणि ती सुटेपर्यंत तिथं उभी राहिले. त्या गाडीने मला जिथं जायचं होतं ते घर आता नाही. जिथं ते प्रमेय साऱ्या जगात फक्त आम्हा तिघांनाच माहीत होतं, नानांना, मला, आणि एक अक्षर न समजता ते टाइप करणाऱ्या काकूंना.